कवी, ससाणा आणि नगर

इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर बाबिलोनमध्ये वारल्याची बातमी अथेन्सला पोचली आणि मॅसिडोनियाशी लागेबांधे असलेल्यांचे त्या नगरातले दिवस फिरले. ॲरिस्टॉटल त्यांतलाच. अलेक्झांडरचा एके काळचा शिक्षक, जन्माने परका, आणि बारा वर्षे लायसिअम या आपल्या शाळेत शिकवत असलेला. त्याच्यावर खटला भरायला राजकीय कारणे हवी तेवढी होती. प्राचीन चरित्रकारांनी नोंदवलेला आरोप मात्र एका कवितेबद्दलचा आहे. अटार्नियसचा सत्ताधीश हर्मियास हा त्याचा मित्र. इराण्यांनी त्याला पकडून ठार केले, तेव्हा ॲरिस्टॉटलने त्याच्या आठवणीत सद्गुणाला उद्देशून एक गीत रचले होते. देवांसाठी राखलेल्या स्तोत्राचा घाट माणसासाठी वापरला म्हणून हे पाखंड, असे फिर्यादींचे म्हणणे. ॲरिस्टॉटल सुनावणीसाठी थांबला नाही. युबीआ बेटावरच्या कॅल्किसला, आईच्या माहेरी गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे वारला.

त्याआधी शहात्तर वर्षे, इ.स.पू. ३९९ मध्ये, याच नगराने सॉक्रेटिसला विष दिले होते. फिर्यादी तिघे होते. त्यांपैकी मेलेटस कवींच्या वतीने उभा आहे, असे प्लेटोने लिहिलेल्या बचावाच्या भाषणात सॉक्रेटिस म्हणतो. त्याच भाषणात तो न्यायाधीशांना सांगतो की आपले खरे फिर्यादी जुने आहेत, आणि त्यांतला एक विनोदी नाटककार आहे. रोख ॲरिस्टोफेनीसच्या ‘मेघ’ या इ.स.पू. ४२३च्या नाटकाकडे आहे, ज्यात सॉक्रेटिस टोपलीत बसून हवेत लोंबकळतो. एका तत्त्वज्ञावर कवींच्या वतीने खटला भरला गेला, दुसऱ्यावर कवितेमुळे. न्यायालय, राजकारण आणि काव्य यांची ही गाठ ग्रीकांच्या लेखी अपघाताची नव्हती. ती कशी पडली आणि कुणी सोडवायचा प्रयत्न केला, हा या पुस्तकाचा विषय.

आपल्या महाविद्यालयांत प्लेटो तीन वेगवेगळ्या दारांनी आत येतो. साहित्याच्या वर्गात तो अनुकृतीचा सिद्धान्त मांडणारा आणि कवींना हाकलणारा. राज्यशास्त्राच्या वर्गात तत्त्वज्ञ राजाचा पुरस्कर्ता. तत्त्वज्ञानाच्या वर्गात चिद्रूपांचा शोधक. या तिघांची एकमेकांशी भेट होत नाही. त्यामुळे साहित्याच्या विद्यार्थ्याला वाटते की प्लेटोला काव्याची गोडी नव्हती, किंवा होती पण त्याने ती दाबली. प्रश्न गोडीचा नव्हताच. न्याय म्हणजे काय हे नगराला कोणी शिकवायचे, असा तो प्रश्न होता. आणि प्लेटो जन्माला आला तेव्हा ते काम निदान पावणेतीनशे वर्षे कवींकडे होते.

सुरुवात हेसिअडपासून करावी लागते. इ.स.पू. ७००च्या सुमारास बीओशियातल्या ॲस्क्रा नावाच्या खेड्यात राहणारा हा शेतकरी कवी. वडिलार्जित जमिनीची वाटणी झाली, भाऊ पर्सीसने जास्तीचा वाटा लाटला आणि लाच खाणाऱ्या सरदारांनी निकाल त्याच्या बाजूने दिला, अशी त्याची तक्रार. भाऊबंदकीच्या या तक्रारीतून ‘कामे आणि दिवस’ हे काव्य उभे राहिले. त्यात एक छोटी गोष्ट आहे. ससाण्याने एका गाणाऱ्या पक्ष्याला पंजात धरून उंच नेले आहे. पक्षी रडतो, तर ससाणा त्याला सुनावतो : तू गायक असशील, पण मी बलवान आहे, मी नेईन तिकडे तुला यावे लागेल, वाटले तर खाईन, वाटले तर सोडीन. गोष्ट इथे संपते. तात्पर्य ससाणाच सांगून टाकतो, हे विलक्षण आहे. त्यावर हेसिअडचे उत्तर येते ते बरेच पुढे, आणि त्यात युक्तिवाद जवळजवळ नाही. मासे, पशू, पक्षी एकमेकांना खातात, कारण त्यांना न्याय दिलेला नाही. माणसाला झ्यूसने तो दिला आहे. न्यायाची देवता दिके ही झ्यूसची मुलगी. तिला कोणी फरफटले की ती बापाशेजारी जाऊन बसते आणि गाऱ्हाणे सांगते. श्रद्धा असेल तर हे पुरेसे आहे. नसेल तर ससाणा अजून बोलतोच आहे. पुढची तीनशे वर्षे ग्रीक विचार त्या ससाण्याला उत्तर शोधत होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे.

हेसिअडनंतर शंभरेक वर्षांनी अथेन्समध्ये सोलॉन आला. इ.स.पू. ५९४ मध्ये तो आर्कन, म्हणजे नगराचा मुख्याधिकारी, झाला, तेव्हा कर्जापायी माणसे स्वतःच्या जमिनीवर वेठीला होती आणि काही परमुलखात गुलाम म्हणून विकली गेली होती. सोलॉनने कर्जे रद्द केली, माणसाचे शरीर तारण ठेवण्याची प्रथा बंद केली आणि विकलेल्यांपैकी काहींना परत आणल्याचा दावा केला. गरिबांना जमिनीचे फेरवाटप हवे होते, ते त्याने केले नाही. म्हणजे दोन्ही बाजू नाराज. या सगळ्याचा हिशेब त्याने दिला तो कवितेत. गहाणखुणांचे दगड उपटून मोकळी केलेली भूमीच तो तिथे साक्षीला बोलावतो. या कवितांचा मोठा भाग आज आपल्या हाती आहे तो ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथामुळे. ॲरिस्टॉटलच्या शाळेतला हा ग्रंथ इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवर मिळाला आणि १८९१ मध्ये छापला गेला. राज्यघटनेचा इतिहास लिहिणाऱ्याने पुरावा म्हणून कवितेचे उतारे द्यावेत, यात त्या काळच्या कुणाला काही वावगे वाटले नसते.

निसर्गाबद्दल बोलणारे पहिले तत्त्वज्ञही याच भाषेत बोलले. ॲनॅक्झिमँडर म्हणतो की वस्तू आपल्या अन्यायाची भरपाई काळाच्या क्रमाने एकमेकींना देतात. हेराक्लायटसच्या सूर्याने मर्यादा ओलांडली तर दिकेच्या मदतनीस त्याला हुडकून काढतील. पार्मेनायडीसच्या काव्यात दिवस-रात्रीच्या दाराच्या किल्ल्या तिच्याच हाती आहेत. न्यायालयातले शब्द आकाशाला लावले जात होते. त्याच वेळी कवींवरचा राग मात्र सुरू झाला होता. होमर आणि हेसिअडने चोरी, व्यभिचार, फसवणूक देवांच्या माथी मारली, असे झेनोफेनीस म्हणाला, आणि म्हणाला तेही पद्यातच. हेराक्लायटसच्या मते तर होमरला स्पर्धांमधून काढून बडवायला हवे होते. कवींना नगराबाहेर काढण्याची कल्पना प्लेटोची म्हणून प्रसिद्ध असली, तरी तिला एवढा जुना वारसा होता.

पाचव्या शतकात हा सारा व्यवहार रंगभूमीवर आला. डायोनायससच्या वसंतोत्सवात नाटके सुरू होण्यापूर्वी मांडलिक नगरांकडून आलेली खंडणी प्रेक्षकांसमोर मांडली जाई आणि युद्धात पडलेल्यांची नगराने वाढवलेली मुले चिलखत घालून मिरवणुकीने जात. नाटकांचे परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडत, न्यायालयातले न्यायाधीशही तसेच. वृंदाचा खर्च एखादा धनिक नागरिक करी : एस्किलसच्या ‘इराणी’ या नाटकाचा, इ.स.पू. ४७२ मध्ये, तरुण पेरिक्लीसने केला होता. सोफोक्लीस खजिनदार होता, आणि सेमॉसच्या मोहिमेत पेरिक्लीसबरोबर सेनापतीही होता. नाटककाराने राजकारणापासून दूर राहावे की नाही, ही चर्चा त्याला कळलीसुद्धा नसती.

अर्थात नगराला नाटक झेपत असेच असे नाही. इ.स.पू. ४९४ मध्ये इराण्यांनी मायलीटस जिंकून उद्ध्वस्त केले. अथेन्सचे या नगराशी रक्ताचे नाते. फ्रिनिकसने त्यावर नाटक केले, सारे प्रेक्षागृह रडले, आणि घरचे दुःख आठवून दिल्याबद्दल त्याला एक हजार ड्राख्मा दंड झाला. हे नाटक पुन्हा कोणी करू नये, असा हुकूमही निघाला. हेरोडोटसने ही हकीगत दिली आहे. मराठी वाचकाला इथे खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आठवेल. १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली, आणि गांधीजींनी गुजरातीत लिहिलेली सॉक्रेटिसच्या बचावाची कथाही त्याच वर्षी याच सरकारने जप्तीच्या यादीत टाकली. दोन्ही प्रकरणांत फरक मोठा आहे : फ्रिनिकसला दंड करणारे लोक परके राज्यकर्ते नव्हते, तेच त्याचे रडणारे प्रेक्षक होते.

शोकनाट्यांनी न्यायाबद्दल काय विचार केला याची दोन प्रकरणे पुढे आहेत, म्हणून इथे थोडक्यात. एस्किलसच्या ‘ओरेस्टिया’त, इ.स.पू. ४५८ मध्ये, सूडाचे चक्र एका न्यायालयाच्या स्थापनेने थांबते. मते समसमान पडतात आणि अथीनाच्या मताने आरोपी सुटतो. ते न्यायालय म्हणजे अरिओपागस. त्याचे अधिकार चारच वर्षांपूर्वी एफिआल्टीसने छाटले होते आणि त्यापायी त्याचा खूनही झाला होता. प्रेक्षकांत दोन्ही पक्षांची माणसे बसलेली असणार. एस्किलस कोणाच्या बाजूचा, यावर विद्वान अजून भांडतात. मला त्याहून लक्षणीय वाटते ते हे की हरलेल्या सूडदेवतांना तो हाकलून देत नाही, त्यांना नगरात घर देतो. न्यायालयाला भीतीची गरज संपत नाही हे त्याला ठाऊक होते.

आणि मग मेलॉस. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सने या लहान बेटाला शरण यायला सांगितले. त्या वेळच्या वाटाघाटी थ्युसिडिडीसने संवादाच्या रूपात दिल्या आहेत. न्यायाची भाषा बरोबरीच्यांत चालते. बलवान जमेल ते करतात आणि दुर्बळ सोसतात, असे अथेन्सचे दूत तिथे सरळ सांगतात. हेसिअडचा ससाणा आता लोकशाहीचा वकील झाला होता. बेट पडले. पुरुष मारले गेले, बायका-मुले विकली गेली. त्यानंतर काही महिन्यांतच युरिपिडीसचे ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ रंगभूमीवर आले. नाटक मेलॉस डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते की नाही, यावर वाद आहे आणि तारखा पाहता तो रास्त आहे. पण पाहणाऱ्यांच्या मनात मेलॉस नव्हते असे मानणे कठीण आहे. नाटकाला दुसरे बक्षीस मिळाले. त्याच उन्हाळ्यात अथेन्सचे आरमार सिसिली जिंकायला निघाले.

प्लेटोचे बालपण हे असे. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स हरले आणि स्पार्टाच्या आशीर्वादाने तीस जणांचे राज्य आले. त्यांचा म्होरक्या क्रिटिआस हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ, आणि स्वतः कविता करणारा. हे ध्यानात ठेवून ‘रिपब्लिक’चे पहिले पान उघडावे. संवाद घडतो पायरीअस बंदरात, केफालसच्या घरी. केफालस सिराक्यूजहून येऊन स्थायिक झालेला श्रीमंत परदेशी, घरचा ढालींचा कारखाना. मतदानाचा हक्क नाही, पैसा भरपूर. वाचणाऱ्या अथेनियनाला पुढचे माहीत होते : त्याचा मुलगा पोलेमार्कस याला तीस जणांनी मालमत्तेसाठी पकडले आणि आरोप न सांगता, सुनावणी न घेता हेमलॉक पाजले. भाऊ लिसिआसने नंतर न्यायालयात ही हकीगत सांगितली. ढाली सातशे होत्या आणि गुलाम एकशे वीस, हेही त्यानेच नोंदवले. जे विष मूठभरांच्या राजवटीत पोलेमार्कसला मिळाले, तेच काही वर्षांनी लोकशाहीत सॉक्रेटिसला. ‘रिपब्लिक’मध्ये हे दोघे एका घरात बसून न्याय म्हणजे काय यावर बोलत आहेत. प्लेटो याचा उल्लेखही करत नाही. ढालींच्या कारखान्यातल्या गुलामांबद्दलही करत नाही. ते मौन वेगळ्या जातीचे आहे.

बोलणे सुरू होते ते कवींच्या आधाराने. म्हातारा केफालस सोफोक्लीसचा दाखला देतो, मग पिंडारचा. पोलेमार्कस न्यायाची व्याख्या करतो ती सिमोनायडीसची म्हणून : ज्याचे त्याला देणे. सॉक्रेटिस ती व्याख्या अशी उलटीपालटी करतो की शेवटी न्याय ही होमरसंमत चोरीची कला ठरते. वाचक हसतो, पण इथे एक मोठी गोष्ट होऊन गेलेली असते. न्यायाच्या प्रश्नाला कवीचे वचन हे उत्तर पुरे नाही, हे सिद्ध झालेले असते. ती जागा मोकळी होताच वक्तृत्वशिक्षक थ्रॅसिमाकस आत उडी घेतो आणि म्हणतो की न्याय म्हणजे बलवानाचे हित. ससाणा पुन्हा आला. या वेळी त्याच्यासमोर झ्यूसची मुलगी नाही. उरलेले नऊ भाग हे त्याला दिलेले उत्तर आहे.

कवींची हकालपट्टी या उत्तराच्या आतली आहे, आणि ती दोन हप्त्यांत होते. दुसऱ्या-तिसऱ्या भागात मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने होमरच्या ओळी एकेक करून कापल्या जातात. मृत्यूची भीती घालणाऱ्या, देवांना खोटारडे ठरवणाऱ्या, वीरांना रडवणाऱ्या. पण माणसांबद्दल कवीने काय म्हणावे, इथे येताच सॉक्रेटिस थांबतो. कवी सांगतात की अन्यायी सुखी असतात आणि न्यायी दुःखी. ते चूक आहे असे म्हणण्याचा अधिकार न्याय म्हणजे काय हे सापडल्याशिवाय आपल्याला नाही. दहाव्या भागात तो पुन्हा कवींकडे वळतो तो यासाठी. अनेक अभ्यासकांना तो भाग मागून चिकटवलेला वाटतो. मला वाटत नाही. देवाचा, सुताराचा आणि चित्रकाराचा अशा तीन पलंगांचा प्रसिद्ध दाखला त्यातला सर्वांत कच्चा युक्तिवाद आहे आणि आपण वर्गात नेमका तोच शिकवतो. खरा घाव पुढे आहे : घरात आवरलेले रडू नाट्यगृहात मोकळे सोडायला आपल्याला आवडते, आणि ती सवय परतताना बरोबर येते. सहाव्या भागात त्याने सभा, न्यायालय, नाट्यगृह आणि छावणी यांची नावे एका दमात घेतली आहेत. या सर्व ठिकाणी जमाव ओरडतो आणि तरुण मन त्या आवाजाने घडते. ज्या जमावाने रंगभूमीवर ट्रॉयच्या स्त्रियांसाठी अश्रू ढाळले, त्यानेच मेलॉसचा ठराव केला होता. प्लेटो हे उदाहरण देत नाही, पण त्याच्या शंकेला याहून चांगला पुरावा नाही.

त्याचा उपाय मला मान्य नाही. नगराला कोणत्या गोष्टी ऐकवायच्या हे ठरवणारे मंडळ, राज्याच्या भल्यासाठी सांगायचे उदात्त असत्य, हे सारे विसाव्या शतकाने करून पाहिले. कार्ल पॉपरने १९४५ मध्ये प्लेटोवर केलेला हल्ला अनेक ठिकाणी अन्यायाचा आहे, तरी तो कोणत्या वर्षी छापला गेला हे विसरता येत नाही. गंमत अशी की प्लेटोला स्वतःलाच दार पूर्ण लावून घेणे जमले नाही. काव्याच्या चाहत्यांनी गद्यात का होईना त्याची बाजू मांडावी, आम्ही ऐकू, असे तो म्हणतो. आणि ‘रिपब्लिक’ संपवतो ते एरच्या कथेने, म्हणजे मरणोत्तर न्यायाच्या एका दीर्घ कवितेने. म्हातारपणीच्या ‘लॉज’मध्ये तर तो गावोगाव फिरणाऱ्या शोकनाट्यकारांना सांगतो की आम्हीही कवीच आहोत, आमची राज्यघटना हेच आमचे नाटक. स्पर्धकाची भाषा आहे ही. राज्यकर्ताच कवी झाला तर काय होते, हेही त्याच्या काळाने दाखवले. सिराक्यूजचा जुलमी राजा पहिला डायोनिशियस, ज्याच्या दरबारी प्लेटो गेला होता, शोकनाट्ये लिहीत असे. इ.स.पू. ३६७ मध्ये त्याला अथेन्सच्या लेनाया उत्सवात पहिले बक्षीस मिळाले आणि लवकरच तो वारला.

ॲरिस्टॉटलने काव्याची बाजू गद्यात मांडली. विंदा करंदीकरांनी ‘काव्यशास्त्र’ मराठीत आणल्यापासून आपल्याकडे तो कवींचा वकील म्हणून ओळखला जातो. काव्य इतिहासाहून अधिक तत्त्वज्ञानात्मक आहे, करुणा आणि भय यांचे विरेचन होते, हे त्याचे म्हणणे सर्वश्रुत आहे. या सुटकेची किंमत मात्र फारशी सांगितली जात नाही. राजकारणातली बरोबर गोष्ट आणि काव्यातली बरोबर गोष्ट यांचे निकष एक नाहीत, असे तो स्पष्ट सांगतो. ‘काव्यशास्त्रा’त खंडणी नाही, अनाथ मुले नाहीत, मतदार नाहीत, नगरच जवळजवळ नाही. चांगल्याचे चांगले आणि वाइटाचे वाईट होणारा शेवट तो दुसऱ्या क्रमांकाचा मानतो. प्रेक्षकांच्या दुबळेपणामुळे तसे लिहिले जाते, असे म्हणतो. प्लेटोला जो शेवट कायद्याने सक्तीचा करायचा होता, तो ॲरिस्टॉटलच्या हिशेबी निव्वळ लोकानुनय. न्यायाची चर्चा त्याने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागात नेली, वाटपाचा न्याय आणि दुरुस्तीचा न्याय असे तिचे नीट भाग पाडले, आणि तिथे कवी क्वचितच दिसतात. नगरातल्या बहुसंख्यांना गुलामी किंवा घरकाम यांतच ठेवणारी समाजव्यवस्था ‘पॉलिटिक्स’मध्ये न्याय्य ठरली, तेव्हा त्याने युरिपिडीसच्या ‘हेक्युबा’ला, गुलाम झालेल्या त्या राणीला, साक्षीला बोलावले असते तर प्रकरण इतके सोपे राहिले नसते.

एका ठिकाणी मात्र तो प्लेटोला पुरून उरतो. ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात तो म्हणतो की अनेक सामान्य माणसे एकत्र आली तर एखाद्या थोर माणसाहून बरा निर्णय देऊ शकतात, आणि उदाहरण देतो ते संगीताचे आणि काव्याचे : कोणी एक भाग जाणतो, कोणी दुसरा, सगळे मिळून सगळे जाणतात. म्हणजे नाट्यगृहातल्या जमावावरून त्याने सभेतल्या जमावाचा बचाव केला. प्लेटोने जी दोन ठिकाणे एकत्र बांधून दोषी ठरवली होती, तीच त्याने एकत्र बांधून सोडवली. मेलॉसचे काय, हा प्रश्न उरतोच.

या पुस्तकातली प्रकरणे काळाच्या क्रमाने आहेत, पण त्या क्रमाने वाचण्याची गरज नाही. ग्रीक नावे मराठीत रुळलेल्या रूपांत ठेवली आहेत. जिथे रुळलेली नाहीत तिथे उच्चारायला सोपे रूप घेतले आहे. ज्यांनी सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’ वाचलेले नाही, त्यांना एकच विनंती : हे पुस्तक इथेच मिटून आधी ते नाटक वाचा. एका बैठकीत होते. मग क्रेऑनची बाजू घेऊन पुन्हा एकदा वाचा, आणि त्यानंतर प्लेटोच्या प्रकरणाकडे या.